रिकाम्या प्लॉटवरच्या गाड्या

हे मी कुणालाच बोललेलो नाही. माझ्या बायकोला, सुनंदालाही नाही — आणि आमच्या घरात सुनंदाला न सांगितलेली गोष्ट म्हणजे घडलीच नाही असं धरायचं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी तेच सांगितलं असतं जे आजवर सगळ्यांना सांगत आलो. की शेजाऱ्याला मी जागा दिली, विश्वास टाकला, आणि त्यानं माझ्या पाठीमागे माझ्याच घरात हात घातला. ती गोष्ट मी फार छान सांगतो. ऐकणारा हळहळतो, चहाचा कप खाली ठेवतो, म्हणतो, डॉक्टर साहब, आजकाल कुणाचं भलं करायची सोय राहिली नाही.

त्या गोष्टीत खोटं असं काहीच नाही. फक्त ती अर्धी आहे.

मी मूळचा मिरजेचा. संशोधन संस्थेतल्या नोकरीनं लखनौला आणलं आणि मग लखनौनं सोडलं नाही. आयुष्यभर मातीतल्या बुरशीवर काम केलं; डॉक्टर म्हणजे त्या अर्थानं डॉक्टर, पण विकास नगरमध्ये अजूनही कुणी ना कुणी गुडघा दुखतो म्हणून विचारायला येतं. घर बांधलं तेव्हाच शेजारचा प्लॉटही घेऊन ठेवला. मुलगा मोठा होईल, त्याचं लग्न होईल, तो शेजारी घर बांधेल, मधे भिंत नको — असं माझं आणि सुनंदाचं ठरलेलं. मुलगा एकच, निनाद. आम्ही मराठीत बोलायचं, त्यानं हिंदीत उत्तर द्यायचं. इथली सगळीच मराठी मुलं तशी, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. त्याच्या मार्कांचं मात्र वाटायचं.

प्लॉटच्या पलीकडे सक्सेना जींचं घर. त्यांची टॅक्सी कंपनी होती. म्हणजे फार मोठं काही नाही, पुढच्या खोलीत एक टेबल, दोन फोन, आणि आईच्या नावानं काढलेल्या कंपनीची पाटी. पण माणूस नियमाचा पक्का. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं फिरवणारे आमच्या गल्लीतच दोघे-तिघे होते; सक्सेना जींची प्रत्येक गाडी पिवळ्या पाटीची, फिटनेस झालेली, ड्रायव्हरची पोलीस तपासणी केलेली. मी त्यांची थट्टाही करायचो, की तुम्ही टॅक्सी चालवता की सरकार? ते हसायचे. म्हणायचे, "डॉक्टर साहब, सवारी हमारे भरोसे आँख बंद करके सो जाती है। इतना तो बनता है।"

आता थोडं परवान्याचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. टॅक्सी कंपनीला परवाना लागतो आणि तो ठरावीक काळानं नवा करून घ्यावा लागतो. आमच्याकडे त्याची एक अट होती — कंपनीच्या गाड्या रस्त्यावर मुक्कामाला उभ्या राहता कामा नयेत, त्यांच्यासाठी जागा दाखवायची. स्वतःची असो, भाड्याची असो, कुणी वापरायला दिलेली असो, पण जागा पाहिजे. मग परिवहन कार्यालयातून इन्स्पेक्टर येतो, जागा बघतो, मालकाला तोंडी विचारतो. त्याला इथे मौका मुआयना म्हणतात. मालक हो म्हणाला की काम झालं.

सक्सेना जींच्या गाड्या माझ्या प्लॉटवर उभ्या राहायच्या. मीच म्हटलं होतं, उभ्या करा. गल्लीतल्या लोकांची कटकट चालू झाली होती आणि माझा प्लॉट नुसता गाजरगवत वाढवत पडला होता. ते दुसऱ्याच दिवशी स्टॅम्प पेपर घेऊन आले — भाडं किती, मुदत किती, सगळं व्यवस्थित लिहायचं म्हणून. मी तो पेपर त्यांच्या हातात परत ठेवला. आपल्यात कागद कशाला, म्हटलं. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. ते ओशाळले, मग खूश झाले, आणि त्या दिवसापासून आम्हाला गाडी लागली की फोन करायचा अवकाश. सुनंदाच्या आईला हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा ते स्वतः चालवत आले. पैसे विचारले तर रुसले.

आणि प्रत्येक मुआयन्याला मी घराच्या फाटकात उभा राहून इन्स्पेक्टरला सांगायचो, हाँ हाँ, हमारा ही है, इन्हीं का समझिए. वर चहा पाजायचो.

इथपर्यंत सगळं चांगलंच आहे, नाही का? इथपर्यंत मी चांगला माणूस आहे. म्हणून मी इथे जरा रेंगाळतोय.

निनादनं बी.एस्सी. कसंबसं केलं. मग बँकेच्या परीक्षांचा क्लास, मग आणखी कसला तरी क्लास. मग एक दिवस म्हणाला, नोकरी लागली. कुठे? गोमती नगरला, एका कंपनीत. काय काम? "ऑपरेशन्स में हूँ, बाबा।" मी अजून विचारायला हवं होतं, पण मला शब्द आवडला. ऑपरेशन्स. मिरजेला फोन करून सांगण्यासारखा शब्द होता. मी त्यात स्वतःचा लॉजिस्टिक्स हा शब्द घातला आणि मंडळाच्या गणपतीत सगळ्यांना सांगितलं. निनाद सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन जायचा, संध्याकाळी यायचा, आईच्या हातात पगार ठेवायचा. घरात शांतता होती. मुलगा पहिल्यांदाच पोटभर जेवत होता, हे सुनंदानं मला दोन-तीनदा बोलून दाखवलं. मी कुठे लक्ष दिलं?

निवृत्तीनंतर संस्थेनं मला एका प्रकल्पावर ठेवून घेतलं होतं. ती मुदत वाढवायची की नाही हे ठरवायला पुण्याहून एक मोठे शास्त्रज्ञ येणार होते. मराठी माणूस, माझ्याहून वयानं लहान, हुद्द्यानं मोठा. त्यांना चारबाग स्टेशनवर उतरवून घ्यायला मी स्वतः जाणार होतो. सक्सेना जी सीतापूरला कुणाच्या तरी लग्नाला गेलेले. मी त्यांच्या ऑफिसात फोन केला, सांगितलं, चारबागला एक चांगली गाडी पाठवा, पाहुणे खास आहेत. मी संस्थेतून परस्पर स्टेशनवर गेलो.

पाहुण्यांना घेऊन बाहेर आलो. ऑटोवाले, हॉटेलवाले, कुली, सगळे एकदम अंगावर. त्या गर्दीत पिवळ्या पाटीची पांढरी गाडी, धुतलेली, आणि तिच्या दाराशी निनाद उभा.

मला आधी वाटलं, हा मला भेटायला आलाय. खरंच तसं वाटलं. मग त्याच्या हातात किल्ली दिसली. तोच सकाळचा इस्त्रीचा शर्ट. खिशाला कंपनीचा बिल्ला, त्यावर सक्सेना जींच्या आईचं नाव. तो माझ्याकडे बघून हसला. घाबरलेला होता, पण हसला — लहानपणी पडून यायचा तेव्हा आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, की रागावणार की उचलून घेणार. तेच बघणं.

आता मी काय केलं ते लिहायचं आहे. हात मागे येतोय. पण इथवर आलोय —

मी म्हटलं, "भैया, डिक्की खोलो।"

माझ्या मुलाला. ओळख न दाखवता, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. त्याचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग तो म्हणाला, "जी, सर।" आणि पाहुण्यांची बॅग उचलून डिक्कीत ठेवली.

मी मागे बसलो, पाहुण्यांच्या शेजारी. गाडी निघाली. आपली माणसं परगावी भेटली की जे होतं तेच झालं, पाहुणे मराठीत मोकळे सुटले. ड्रायव्हरला मराठी कळणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं. लखनौची वाहतूक, लखनौचे ड्रायव्हर, ह्या लोकांना शिस्त कशी नसते, सगळं झालं. मी हसत होतो. मी त्यात भरही घातली. मग त्यांनी घरचं विचारायला सुरुवात केली. मुलं किती? एकच मुलगा. काय करतो?

आरशात निनादचे डोळे दिसत होते. रस्त्यावरच होते. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

मी म्हटलं, बंगळुरूला असतो. लॉजिस्टिक्समध्ये.

हे बंगळुरू कुठून आलं? मला आजही सांगता येणार नाही. निनाद बंगळुरूला कधी फिरायलासुद्धा गेलेला नव्हता. पाहुणे म्हणाले, छान, मुलं मार्गाला लागली की आपण सुटलो. मी हो म्हटलं. मग त्यांनाच वाटलं असेल की आपण ड्रायव्हर लोकांना फार नावं ठेवली, म्हणून म्हणाले, हा मात्र चालवतो बरं का सुरेख, एक धक्का नाही. आणि मी — बाप — मी म्हटलं, हो, ह्या कंपनीची माणसं बरी असतात.

गेस्ट हाऊसला पोचल्यावर पाहुणे आत गेले. गाडीतून तसंच घरी जायचं, दोघंच, तेवढा रस्ता होता आमच्याकडे. तेव्हा काहीही बोलता आलं असतं. नुसतं पुढच्या सीटवर जाऊन बसलो असतो तरी चाललं असतं. मी काय केलं? दारातून पाहुणे अजून बघतायत असं स्वतःला सांगितलं, पाकीट काढलं, खिडकीतून नोटा दिल्या. सक्सेना जींकडे आमचा कधी रोखीचा व्यवहारच नव्हता. तरी दिल्या. वर म्हटलं, "बाकी रख लो।"

त्यानं घेतल्या. "जी, सर," म्हणाला. मी ई-रिक्षानं घरी आलो.

त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला घरी आला, हातपाय धुतले, आमच्याबरोबर जेवायला बसला. सुनंदानं वांग्याचं भरीत केलं होतं. ती बोलत होती, आम्ही दोघं जेवत होतो. मी वाट बघत होतो की तो काहीतरी बोलेल, आणि तो बहुधा माझी वाट बघत होता. भरीत संपलं.

मला राग आला होता. हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण लाज नव्हती वाटत, राग येत होता. फसवलं मला ह्यांनी! माझा मुलगा टॅक्सी चालवतो आणि हे सगळ्या गल्लीला ठाऊक. सक्सेनांच्या फोनवरच्या माणसाला ठाऊक, चौकातल्या पानवाल्याला ठाऊक, आणि मी गणपतीत लॉजिस्टिक्स लॉजिस्टिक्स करत फिरत होतो. सगळे माझ्या तोंडावर हो हो म्हणत होते. माझ्याच प्लॉटवरून माझाच मुलगा रोज सकाळी गाडी काढत होता, मी संस्थेत गेल्यावर. ज्याला मी कागदाशिवाय जागा दिली त्यानं हे केलं. विश्वासघात हा शब्द मी मनात किती वेळा म्हटला असेन! म्हणताना बरं वाटायचं. त्या शब्दाच्या आड चारबाग दिसत नव्हतं.

सक्सेना जी सीतापूरहून परतल्या परतल्या सकाळीच आले. बसले नाहीत. हात जोडून म्हणाले, "डॉक्टर साहब, गलती हमारी है। लड़का हमारे पास ख़ुद आया था, बोला चलाने दीजिए, हमने हाथ देखा, बहुत साफ़ हाथ है। हम रोज़ कहते थे, बेटा घर पे बता दो।" मग ते जे म्हणाले ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते सांगितलं की माझी गोष्ट उरतच नाही. म्हणाले, "परसों दूसरा ड्राइवर जा रहा था स्टेशन। इसी ने चाबी ले ली। बोला, आज बाबा को मैं लेने जाऊँगा, आज बता दूँगा।"

म्हणजे तो सांगायला आला होता. गाडी धुऊन, शर्ट नीट करून, तोंडानं जे जमत नव्हतं ते गाडीच्या दाराशी उभं राहून सांगायला आला होता.

हे मला कळलेलं होतं. लक्षात ठेवा — हे मला कळल्यानंतर पुढचं घडलं. न कळता घडलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

सुनंदाला मी एवढंच सांगितलं की निनाद टॅक्सी चालवतो असं बाहेरून कानावर आलंय आणि सक्सेनांनी ते आपल्यापासून लपवलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, चांगली चालवतो का? मी वर्तमानपत्र उघडलं. मला ठाऊक होतं, एक धक्का नाही.

काही आठवड्यांनी मुआयना आला. ह्या खेपेला परवाना नवा करून घेणं सोपं नव्हतं. मोबाइलवरून गाड्या बोलावणाऱ्या मोठ्या कंपन्या शहरात आल्या होत्या, छोट्यांकडे कार्यालय बारीक नजरेनं बघत होतं. इन्स्पेक्टर नवा होता. तरुण, फाइल छातीशी धरलेला, उन्हात घामेजलेला. सक्सेना जी त्याला प्लॉट दाखवत होते. गाड्या एका ओळीत लावलेल्या, आणि शेवटच्या गाडीची काच निनाद पुसत होता. मी बाहेर आलो तसे सक्सेना जी खुलले. आमच्यात अबोला असूनही खुलले. इन्स्पेक्टरला म्हणाले, "लीजिए, मालिक ख़ुद आ गए। बगल में ही रहते हैं, पूछ लीजिए।"

इन्स्पेक्टरनं विचारलं, ये ज़मीन आपकी है? मी म्हटलं, जी. इन लोगों को आपने इस्तेमाल के लिए दी है?

मला वाटतं, त्या क्षणापर्यंत माझं काही ठरलेलं नव्हतं. पण असं प्रत्येकच जण म्हणत असेल. निनादनं फडकं थांबवलं होतं आणि माझ्याकडे बघत होता. त्याच्या त्या बघण्यात मला चारबाग दिसलं. ते बघणं समोरून हलावं, एवढंच मला हवं होतं.

मी म्हटलं, "जी नहीं। मैंने कोई इजाज़त नहीं दी। इनके पास काग़ज़ है कोई?"

कागद. आपल्यात कागद कशाला, असं म्हणणारा मीच. कागद नाही हे दुनियेत नक्की ठाऊक असलेला माणूस मीच.

सक्सेना जींनी माझ्याकडे बघितलं. रागावतील, आरडाओरडा करतील, गल्लीला बोलावतील, स्टॅम्प पेपरची गोष्ट सांगतील — मी त्या सगळ्याची तयारी केली होती. माझी उत्तरं तयार होती. ते इन्स्पेक्टरकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "हमसे ही समझने में भूल हुई होगी, साहब। डॉक्टर साहब झूठ नहीं बोलते।"

इन्स्पेक्टरनं लिहून घेतलं आणि गेला. कुणाकडून एक पैसा न घेता. हेही सांगायला हवं, कारण नंतर गल्लीत लोक म्हणाले, कार्यालयवाल्यांनी खायला मागितलं असणार, सक्सेना देणारे नव्हेत, म्हणून अडकवलं. कुणी म्हणालं, मोठ्या कंपन्यांनीच छोट्यांना साफ करायचं ठरवलंय. मी मान हलवली. सिस्टमच तशी आहे, असंही म्हटलं. त्या घामेजलेल्या पोरानं त्याचं काम नीट केलं होतं, आणि त्याच्या नावावर मी माझं पाप खपवलं.

प्लॉटला मी फाटक बसवून कुलूप घातलं. गाड्या रस्त्यावर आल्या, परवाना अडकला. दुसरी जागा मिळेपर्यंत म्हणून सक्सेना जींनी शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या पुढे, शेतांच्या मधे एक तुकडा भाड्यानं घेतला आणि नव्यानं अर्ज केला. पण तिथून रिकामी गाडी शहरात आणायची, मग सवारी, मग रिकामी परत न्यायची — कोण थांबतं तेवढं? लोकांच्या हातात मोबाइल आला होता. एकेक गाडी विकली गेली. शेवटी ते स्वतः, त्या वयात, दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवर येणाऱ्या हुकमाप्रमाणे गाडी चालवू लागले. कधी गल्लीत समोरासमोर आलो तर आधी नमस्कार त्यांचाच असायचा.

निनादनं मुआयन्यानंतर आठवडाभरात घर सोडलं. आईला म्हणाला, गाड्या तिकडे आहेत, तिकडेच खोली घेतो. तो अजून तिथेच, बख्शी का तालाबला राहतो. आता त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत. आईला भेटायला येतो, मी घरी नसतो तेव्हा. सुनंदा मला विचारते, तुमचं आणि त्याचं नेमकं काय झालं? मी म्हणतो, त्याला विचार. तिनं विचारलंही असणार. त्यानं तिला काही सांगितलेलं नाही, हे तिच्या वागण्यावरून मला कळतं. आणि माझी मुदत? वाढवली नाही त्यांनी. पाहुण्यांनी फार गोड शब्दांत नाही म्हटलं.

गेल्या थंडीत सक्सेना जी गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही. दाराशी बायका जमल्या होत्या आणि निनाद सगळ्यांच्या आधी पोचलेला होता. खांदा दिला त्यानं. मी मागून चालत होतो, शेजारी म्हणून.

तेराव्याच्या जेवणाला सुनंदाला ताप होता, म्हणून मी एकटा गेलो. मांडव लावायला गल्लीत जागा पुरेना, तेव्हा माझ्याकडे किल्ली मागायला कुणीतरी आलं होतं. मी दिली. तर पंगत माझ्या प्लॉटवर बसलेली. कद्दू की सब्जी, पूरी, दही, बुंदी. निनाद पूरी वाढत होता, टोपली घेऊन ओळीनं.

सक्सेना जींची पत्नी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी उठायला लागलो तर तिनं बसवलं. आजूबाजूच्या चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "इन्होंने सगे भाई जैसा किया हमारे साथ। बिना एक काग़ज़ के ज़मीन दे रखी थी। हमारे ये आख़िर तक कहते रहे — सरकार ने काम बंद करा दिया हमारा, डॉक्टर साहब ने तो कभी मना नहीं किया।"

घरच्या बाईलासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी. इतक्या वर्षांत, इतक्या ओढगस्तीत, एकदाही नाही.

तिथे मी बोलू शकलो असतो. तोंड उघडं होतं माझं, खरंच उघडं होतं. लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. मी हात जोडले आणि म्हटलं, अरे भाभी जी, इतना क्या है.

निनाद तोवर माझ्या पानापाशी आला होता. त्यानं ते सगळं ऐकलं. तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. टोपलीतून एक पूरी काढून त्यानं माझ्या पानात ठेवली आणि म्हणाला, "लीजिए, सर।"

मग तो पुढच्या पानाकडे गेला. मी ती पूरी खाल्ली.